मी फक्त जहाजापर्यंत पोहोचवते

समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस हसत हसत, "क्रूझ बुक झालीय ताई, आता फक्त विमान बघा," असं म्हणाला की मी कॅलेंडर पुढे ओढते. त्याची सुट्टी त्या क्षणी सुरू होते आणि माझी झोप उडते. फक्त विमान असं काही नसतं. ज्याला लग्नाला जायचंय तो उशिरा पोहोचला तर अक्षता चुकतील, जेवण मिळेल. जहाज मात्र कुणासाठी थांबत नाही, आणि एकदा धक्का सोडला की मागे वळून येत नाही.

भिवंडीत निजामपुऱ्याच्या तोंडाशी माझं तिकिटांचं छोटं ऑफिस आहे. खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना आणि सुट्या भागांचं दुकान, वर मी. दिवसभर लूमची खटखट जमिनीतून खुर्चीत येते. नवीन गिऱ्हाईक दचकतं, मला ती बंद पडली की चुकल्यासारखं होतं. सुरुवातीला लूमवर काम करणाऱ्यांची गावाकडच्या रेल्वेची तिकिटं काढली, मग आखातात नोकरीला जाणाऱ्यांची, मग उमराहची. गेल्या काही वर्षांत आजूबाजूच्या गावांत गोदामं उभी राहिली, घराघरात भाडं येऊ लागलं, आणि ज्यांच्या आजोबांनी खाडीपलीकडचं ठाणंही नीट पाहिलं नव्हतं त्यांची नातवंडं मला सिंगापूरच्या जहाजाचे फोटो दाखवू लागली. मला आनंद झाला. काळजीही वाढली.

माझे मिस्टर म्हणतात, "तू विमानात नसतेस तेव्हाच तुला विमानाची जास्त भीती वाटते." खरंच आहे. माझं गिऱ्हाईक वर पोहे खात असतं, आणि मी इथे फोनवर त्या विमानाची टिकली नकाशावरून सरकताना बघत असते.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातलं कळावं म्हणून थोडं सांगते. जहाज सुटायची वेळ कागदावर असते ती खरी नव्हे. गेट त्याच्या बरंच आधी बंद होतं, कारण चढलेल्यांची नावं बंदराच्या सरकारी माणसांकडे द्यावी लागतात. नाव दिलं गेलं नाही की तुम्ही धक्क्यावर उभे असलात तरी नसल्यासारखेच. दुसरं, मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. वेगवेगळी घेतली तर पहिल्याच्या उशिराचं दुसऱ्याला सोयरसुतक नसतं. तिसरं, थंडीत दिल्लीमार्गे जायचं नाही, तिथे धुकं असतं. आणि भिवंडीहून विमानतळ किती लांब, हे किलोमीटरमध्ये सांगता येत नाही. कशेळीच्या पुलावर एखादा ट्रेलर बंद पडलाय की नाही, यावर ते अंतर ठरतं.

या सगळ्यावर माझा उपाय एकच, आदल्या दिवशी त्या गावात जाऊन झोपा. यावर लोक माझ्याशी जेवढे भांडलेत तेवढे सासूसुना भांडत नसतील. इथल्याच एका लूममालक चाचांना मी हे तीनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "मैडम, फ्लाइट सुबह उतरेगी, जहाज शाम को छूटेगा. बीच में पूरा दिन है, एक दिन पहले जाके करेंगे क्या?" त्यांच्या भाच्याने मोबाइलवर दोन वेगळी तिकिटं काढली, पहिलं विमान लेट झालं, दुसरं गेलं, आणि चाचा कुटुंबासह धक्क्यावर पोहोचले तेव्हा जहाज पाण्यात थोडंसं सरकलं होतं. परत आल्यावर ते मुद्दाम माझ्याकडे येऊन बसले. "इतना बड़ा जहाज, मैडम, और दस मिनट नहीं रुका हमारे लिए." मग खालच्या खटखटीकडे कान दिला आणि स्वतःच म्हणाले, "मैं भी कहाँ किसी के लिए लूम रोकता हूँ." तेव्हापासून त्यांची सगळी तिकिटं माझ्याकडे असतात. पण त्यांच्या बेगमने धक्क्यावर बसून केलेल्या रडण्याचा व्हिडिओ त्यांनी मला दाखवला होता, तो अजून डोळ्यांसमोर येतो.

आता ज्या प्रवासाबद्दल लिहायला बसले तो सांगते. त्यात माझे सगळे नियम पाळले गेले होते.

कशेळीचे बाळारामशेठ भोईर आणि त्यांची बायको हिराबाई एका दुपारी ऑफिसात आले. शेठ साठीचे, पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात चेन, आवाज खणखणीत. हिरावहिनी अगदी कमी बोलणाऱ्या. त्यांचा एकुलता एक मुलगा रुपेश सिंगापूरहून सुटणाऱ्या एका जहाजावर वेटर होता. जहाजाची कंपनी नोकरांच्या आईवडिलांना वर्षातून एकदा सवलतीत नेते, ती सवलत त्याने आईच्या नावाने घेतली होती. सगळं ठरलं होतं, विमान तेवढं माझ्याकडे होतं.

शेठ फोन आला म्हणून खाली उतरले तेव्हा हिरावहिनींनी खुर्ची पुढे ओढली आणि एका दमात मला सगळं सांगितलं. रुपेश हॉटेलचं शिकला होता. खाडीकाठच्या उरलेल्या जमिनीवर त्याला खानावळ टाकायची होती, मासळीची. शेठ चारचौघांत हसले, भोईरांचा पोर भाकऱ्या थापणार म्हणाले, आणि त्याच महिन्यात ती जमीन गोदामाला देऊन टाकली. पोरगा निघून गेला. तीन वर्षं झाली, बापलेकात एक शब्द नाही. घरी आला तरी मामाकडे उतरतो, आईला तिथे बोलावून घेतो.

"घरात बोलाला गेला का हे उठून जातात," त्या म्हणाल्या. "जहाजावरना कुठं जातील?"

त्यांनी आयुष्यात नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं, हे एकच मागितलं होतं. शेठ तयार झाले, पण अट घालून. जहाज चुकलं तर आपण सरळ घरी, आणि परत हा विषय घरात काढायचा नाही. वहिनी मला म्हणाल्या, "ताई, तुमी कायपन करा, पन जहाज चुकाला नको." मी हो म्हणाले. असं हो मी कधी म्हणत नाही. काळजी घेऊ म्हणते, प्रयत्न करू म्हणते. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

मी आदल्या दिवशीचं सकाळचं थेट विमान काढायला घेतलं. संध्याकाळी सिंगापूर, रात्री हॉटेल, दुसऱ्या दिवशी आरामात आंघोळ करून जहाज. वर आलेल्या शेठनी तारीख ऐकली, मोबाइलमध्ये पाहिलं आणि मान हलवली. त्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला ब्याग घेऊन घराचा उंबरा ओलांडायचा नाही, त्यांच्या आईने आजवर ओलांडू दिला नाही आणि तेही ओलांडणार नव्हते. अमावस्या संध्याकाळी सुटत होती, मग रात्रीचं विमान धरू म्हणाले. ते विमान जहाजाच्या दिवशी सकाळी उतरतं. म्हणजे चाचांचीच गोष्ट.

मी खूप वाद घातला. शेठ ऐकेनात. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, आणि मला एकदम आमच्याकडची जुनी पद्धत आठवली. चांगल्या दिवशी निघणं जमत नसेल तर प्रस्थान ठेवतात. बरोबर न्यायची एखादी वस्तू, तांदूळ-सुपारीबरोबर कापडात बांधून, चांगल्या दिवशी शिवेबाहेर आपल्याच माणसाच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्ष निघाल तो दिवस कुठलाही असो, बाधत नाही. जाताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. एकच नियम, ते परत घरात आणायचं नाही.

हे सुचल्यावर मी स्वतःवर खूश झाले, लपवत नाही. विमानांची पुस्तकं पाठ असणारे पुष्कळ असतील, पण प्रस्थान ठेवून सीट पक्की करणारी एजंट भिवंडीत मी एकटीच. शेठनी घरी फोन लावला. म्हातारी म्हणाली, प्रस्थान ठेवलं तर चालतं. शेठनी तिकिटाला हो म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला होता, तो मी पाहिला आणि हरल्याचा राग समजून सोडून दिला.

अमावस्येच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला, प्रस्थान ठेवलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. कुठे ठेवलं, काय ठेवलं, विचारलं नाही.

माझी आणखी एक सवय आहे. गिऱ्हाईक घरातून निघायच्या आधी मी त्यांच्याकडून उघड्या पासपोर्टचा फोटो मागवते. पासपोर्ट हातात धरून काढलेला, जुना फोटो चालत नाही. लोक कंटाळतात, पण पाठवतात. निघायच्या सकाळी, अमावस्येला, फोटो आला नाही. मी फोन केला तर वहिनी म्हणाल्या, पासपोर्ट वाटेत घ्यायचेत, ते प्रस्थानात आहेत.

पासपोर्ट कुणी ठेवले, मी ओरडलेच. शेठनी म्हणे सांगितलं होतं, कपडे काय कुठेही मिळतील, परदेशात जायचं तर पासपोर्ट हीच मुख्य वस्तू, मग प्रस्थानात तीच ठेवायला हवी. बोलणं इतकं बरोबर होतं की घरात कुणी हरकत घेतली नाही. आणि गाठोडं ठेवलं होतं वडप्याला, वहिनींच्या बहिणीकडे. कशेळीहून विमानतळ एका बाजूला, वडपे नेमकं उलट्या बाजूला, नाशिकच्या रस्त्यावर.

मी ऑफिसला कुलूप लावलं आणि रिक्षा पकडली. तिथे जाऊन मी काय करणार होते, मला माहीत नव्हतं, पण खुर्चीत बसवेना. कंटेनरच्या रांगा, धूळ, रिक्षावाल्याचा हॉर्न. घड्याळ बघू नये म्हणून मी मनगट ओढणीत गुंडाळून घेतलं आणि दर दोन मिनिटांनी सोडून बघत राहिले. वडप्याला पोहोचले तर भोईरांची गाडी एका बंद घरापुढे उभी. दाराला हे मोठं कुलूप. बहीण आणि तिचा नवरा दर अमावस्येला देवाला जातात, आत डोंगराकडे, तिथे फोन लागत नाही. गाठोडं शेठ स्वतः देऊन आले होते, आणि निघायच्या घाईत वहिनींच्या हे ध्यानातच राहिलं नव्हतं. शेजारणीने सांगितलं, दुपारी येतील.

वहिनी कुलूप हातात धरून उभ्या होत्या. फोडू या म्हणाल्या. समोरच्या गोदामातून हातोडी आणायला मीही तयार होते. शेठनी अडवलं. दुसऱ्याच्या घराचं कुलूप अमावस्येला फोडायचं नाही, असं म्हणाले, आणि गाडीत जाऊन काच वर करून बसले. मला राग आला होता, पण देवाधर्माचा माणूस आहे म्हणून मी वाद वाढवला नाही. वहिनी पायरीवर टेकल्या. नवं लुगडं धुळीने भरलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. सकाळचं विमान आमच्या डोक्यावरून गेलं की नाही कोण जाणे, पण त्या आवाज आला की वर बघायच्या.

दुपारी बहीण आली, गाठोडं बाहेर आलं. तोवर मी त्याच पायरीवर बसून रात्रीच्या विमानात दोन जागा मिळवल्या होत्या. आदला दिवस हातात ठेवायचा असतो तो याचसाठी. फरक इतकाच की तो आता खर्च झाला होता, आणि पुढे काही बिघडलं तर माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

बिघडलंच. एक प्रवासी सामान टाकून आत आलाच नाही, त्याची ब्याग शोधून उतरवेपर्यंत विमान जमिनीवरच. ती रात्र मी कशी काढली ते मिस्टरांना विचारा. सकाळी टिकली समुद्रावरून इतकी हळू सरकत होती की मला वाटलं माझाच फोन बिघडलाय. तिथलं घड्याळ आपल्यापुढे चालतं, त्यामुळे मी सारखा हिशेब चुकत होते आणि दर वेळी उरलेला वेळ कमीच भरत होता. ते उतरले, शिक्क्यांच्या रांगेत अडकले, सुटले, टॅक्सीत बसले. वहिनी दर टप्प्याला फोन करायच्या. शेवटी म्हणाल्या, जहाज दिसतंय. मी ऑफिसातल्या देवासमोर दिवा लावायला उठले.

दिवा लावायच्या आत परत फोन.

"ताई, हे बाकड्यावर बसल्यात. उठत न्हाईत."

आधी मला वाटलं, चक्कर आली. मग वहिनींनी फोन त्यांच्याकडे दिला. पलीकडून घोषणा ऐकू येत होत्या, ब्यागांच्या चाकांचा आवाज येत होता. मग शेठचा आवाज आला.

"ताई, तुमी लई केलात," ते म्हणाले. "पासपोर्ट मीच मुद्दाम ठेवलेले. अमावशेला घर बंद असतंय, मना ठावं होता. म्हटला, ऱ्हाऊन जाईल."

वडप्याच्या पायरीवरचं वहिनींचं धुळीने भरलेलं लुगडं मला आठवलं. इतका संताप आला की फोन आपटावासा वाटला. धुकं, ट्रेलर, हरवलेल्या ब्यागा, मी सगळ्याचा विचार केलेला असतो. ज्याला पोहोचायचंच नाही अशा माणसाचा विचार मी कधी केला नव्हता.

मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "त्यो बोलंल का माझ्याशी?"

खणखणीत आवाजाचा तो माणूस हे इतक्या हळू बोलला की मला फोन कानाशी घट्ट धरावा लागला. राग होताच, पण तो कुठेतरी बाजूला सरकला. बोलेल हो, मुलगाच आहे तुमचा, असं सांगणं सोपं होतं. ते मला जमलं नाही.

"मला माहीत नाही, शेठ," मी म्हणाले. "मी फक्त जहाजापर्यंत पोहोचवते, पुढचं माझ्या हातात नसतं. पण वहिनी तुमच्याशिवाय आत जाणार नाहीत. आज त्यांना घेऊन परत आलात तर त्या तुमच्याशी बोलतील का, ते आधी बघा."

फोन बंद झाला.

मी परत लावला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. गेट बंद व्हायची वेळ आली आणि गेली. खाली लूम चालू होते, एक गिऱ्हाईक येऊन दम्मामचं तिकीट विचारून गेलं, मी त्याला काय सांगितलं मला आठवत नाही. जहाज सुटायची वेळ झाली. आणखी तासाभराने मी नंबर लावला तेव्हा रिंग वाजली नाही. ज्यांच्याशी बोलायचंय ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असं ती बाई मराठीत, हिंदीत आणि मग इंग्रजीत म्हणाली. जमिनीवर असते तर रिंग गेली असती. मी ते तिन्ही भाषांत पुरतं ऐकलं, आणि नंतर टेबलावर डोकं ठेवून रडले.

दहा-बारा दिवसांनी हिरावहिनी एकट्याच ऑफिसात आल्या. मी चहा सांगितला. विचारायचं धाडस होत नव्हतं, त्याच बोलू लागल्या. पहिले दोन दिवस काहीच घडलं नाही म्हणे. रुपेश कामातून सुटला की आईजवळ यायचा, आणि तो दिसला की शेठ दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे. एवढं मोठं जहाज, लपायला जागा पुष्कळ. मला मनातल्या मनात हात कपाळावर मारावासा वाटला. तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि खाडीत जन्म गेलेल्या बाळारामशेठना जहाज लागलं. पोटात काही ठरेना, पलंगावरून उठवेना.

संध्याकाळी रुपेश खोलीत आला. त्याने जहाजाच्या स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातापाया पडून तांदळाची पेज करून आणली होती, मीठ घालून, घरच्यासारखी. वाटी ठेवली आणि भिंतीला लागून उभा राहिला. शेठ उठून बसले. मान खाली घालून सगळी पेज प्यायले. मान खालीच होती, त्यामुळे त्यांना पोराचे बूट दिसत होते. बराच वेळ बघत राहिले.

"मंग म्हनाले, दिसभर उभाच ऱ्हातस का? त्यो म्हनाला, हां. हे सरकले बाजूला आनि म्हनाले, बस मंग."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला.

"तिथं कायदा हाय ताई. नोकरानं पाशिंजरच्या खोलीत बसाचा न्हाय. कुनी बघितला तर नोकरी जाते."

"मग?" मी विचारलं. "बसला?"

"बसला," त्या म्हणाल्या.